अंकांनी घडविलेला खेळगडी

खेळ म्हटला की मैदान, धूळ, घाम आणि खरचटलेले गुडघे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. संगणकावरचे खेळ आले तेव्हा धूळ आणि घाम गेला. तरी बोटांची चपळाई उरली होती. या लेखात ज्या खेळाची ओळख करून द्यावयाची आहे, त्यात तीही उरलेली नाही. येथे सामना चालू असताना खेळणारा काहीच करीत नाही. पुष्कळदा तर तो त्या वेळी गाढ झोपलेला असतो. त्याचे काम आधीच आटोपलेले असते. त्याने एक खेळाडू घडवून संघाच्या स्वाधीन केलेला असतो, आणि त्या खेळाडूच्या नावापुढे लिहिलेल्या अंकांवरून संगणक साऱ्या सामन्याचा हिशेब मांडीत असतो. सकाळी उठून पाहावे तो आपला गडी किती धावला, कितीदा पडला, चेंडू कितीदा हातचा घालवला, याची नोंद ओळीने लिहिलेली सापडते.

अमेरिकेत तेथील फुटबॉल म्हणजे लोकांचा जीव की प्राण. तेव्हा त्या खेळाची अशी लुटुपुटूची रूपे इंटरनेटवर निघाली यात नवल नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात निघालेला ‘गोल लाइन ब्लिट्झ’ हा त्यांतलाच एक खेळ. ज्यांनी एकमेकांस कधी पाहिलेले नाही असे गावोगावचे लोक त्यात एकेक गडी घडवीत, आणि त्या सर्वांचा मिळून एक संघ होई. वडीलधारी मंडळी विचारतील की, यात शिकण्यासारखे ते काय? हातपाय हलत नाहीत ही गोष्ट खरीच आहे, आणि मैदानावरच्या खेळाची जागा असल्या खेळाने घ्यावी असे कोणीही म्हणणार नाही. परंतु यात डोके मात्र चांगलेच चालवावे लागते. विशेषतः चढाईचा खेळाडू घडविताना जो हिशेब करावा लागतो, तो मोठा मौजेचा आहे; आणि नवशिके लोक तेथेच हटकून फसतात.

हिशेबाकडे वळण्यापूर्वी मूळ खेळ थोडक्यात समजून घेऊ. अमेरिकन फुटबॉल हा आपल्या ओळखीच्या फुटबॉलहून अगदी निराळा. चेंडू लांबट व दोन्ही टोकांस निमुळता. तो पायाने क्वचितच मारतात, एरवी हातात धरून पळतात किंवा फेकतात. दोन गोलरेषांमधले अंतर १०० यार्ड, त्यांच्या पलीकडे दोन्ही टोकांस १०-१० यार्डांचा एकेक पट्टा, आणि मैदानाची रुंदी सुमारे ५३ यार्ड. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी. ज्या बाजूकडे चेंडू तिची चढाई, दुसरीचा बचाव. चढाई करणाऱ्यांना चार प्रयत्न मिळतात. एकेका प्रयत्नास ‘डाउन’ म्हणतात. तेवढ्यात निदान १० यार्ड पुढे सरकता आले, तर पुन्हा नवे चार प्रयत्न. न आले, तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. असे सरकत सरकत चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या टोकाच्या पट्ट्यात शिरले म्हणजे ६ गुण पदरात पडतात. कबड्डीत एकटा गडी चढाईला जातो व बाकीचे रेषेमागे उभे राहतात. येथे अकराच्या अकरा जण एकदम चढाईला निघतात, आणि त्यांतील प्रत्येकाचे काम आधी ठरलेले असते.

या अकरांतील पाच जण अगदी पुढे, खांद्याला खांदा लावून ओणवे उभे राहतात. मधला तो सेंटर. त्याच्या दोन अंगांस दोन गार्ड. त्यांच्या पलीकडे दोन टॅकल. सेंटर आपल्या पायांमधून चेंडू मागे देतो तो क्वार्टरबॅकच्या हाती. क्वार्टरबॅक हा चढाईचा सूत्रधार. तो चेंडू जवळच्या धावपटूच्या, म्हणजे रनिंग बॅकच्या, हाती देतो किंवा दूर पळत गेलेल्या वाइड रिसीव्हरकडे फेकतो. रांगेच्या टोकाला उभा राहणारा टाइट एंड अडवणूकही करतो व झेलही घेतो. असा पुढे फेकलेला चेंडू १९०६ सालापर्यंत नियमबाह्य होता; त्या वर्षी त्याला परवानगी मिळाली आणि खेळाचे सारे स्वरूपच पालटले. परंतु पुढच्या पाच जणांना मात्र एरवी असा चेंडू झेलण्याची मुभा नाही. समोरून अंगावर येणाऱ्यांना अडवणे एवढेच त्यांचे काम. या पाच जणांची आठवण ठेवावी; त्यांच्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

आता अंकांकडे वळू. लुटुपुटूच्या खेळात माणसाचे तुकडे पाडलेले असतात: बळ, वेग, चपळाई, उडी, दम, दृष्टी, आत्मविश्वास, अडवणूक, फेक, झेल, चेंडू सांभाळण्याची हातोटी, इत्यादी. प्रत्येक गुणापुढे एक अंक. खेळाडू नवा जन्मास येतो तेव्हा हे सर्व अंक लहान असतात, आणि ते वाढविण्यासाठी खेळणाऱ्याला हळूहळू ठरावीक मोल मिळत जाते. त्याला आपण या लेखापुरते ‘दाम’ म्हणू. दाम थोडे आणि इच्छा फार, अशी ही संसारातलीच अडचण आहे. तिच्यात भर म्हणून एक युक्ती करून ठेवलेली असते. अंक जितका वर चढावा, तितके पुढचे पाऊल महाग होत जाते.

उदाहरणापुरता एक नियम मानू. प्रत्येक गुण १० पासून सुरू होतो. ४० पर्यंत प्रत्येक अंकास एक दाम पडतो, ४० पासून ६० पर्यंत दोन दाम, ६० पासून ८० पर्यंत तीन, आणि पुढे चार. आपल्या गाठीला १५० दाम आहेत. सगळे सारखेच वाटून टाकले तर पाच गुण ४० वर येतील, आणि आपला गडी पाचही बाबतींत बेताचा होईल. उलट सारा भर एका वेगावरच दिला, तर वेग ८० वर नेण्यासाठी ३० अधिक ४० अधिक ६०, म्हणजे १३० दाम खर्च होतील. उरलेल्या २० दामांत दुसरा एखादा गुण ३० वर येईल, आणि बाकीचे सारे जन्मजात १० वरच राहतील. असा गडी वाऱ्यासारखा पळेल खरा. पण चेंडू हातात टिकणार नाही आणि कोणाचा नुसता खांदा लागला तरी तो आडवा होईल. तिसरी वाट अशी: मुख्य गुण ६० वर, त्याला जोड देणारा ५० वर, आणि तिसरा ४० वर. हिशेब करून पाहा, ७०, ५० आणि ३० मिळून बरोबर १५० दाम होतात. विशेष लक्षात घेण्याजोगे हे की, वेग ७० वरून ८० वर नेण्यास जे ३० दाम लागतात, तेवढ्यातच एखादा अगदी कच्चा गुण १० वरून ४० वर येऊ शकतो. प्रत्येक खेळातले आकडे निराळे असतात, पण चढत्या किमतीचे हे तत्त्व बहुतेक ठिकाणी आढळते. शिवाय पुष्कळ खेळांत एकदा खर्चलेला दाम परत मिळत नाही. पाटीवरचे गणित चुकले तर पुसता येते. तशी येथे सोय नाही.

संगणक या अंकांचे काय करतो? चढाई चालू असताना क्षणोक्षणी तो दोन खेळाडूंचे अंक एकमेकांसमोर ठेवतो आणि एक फासा टाकतो. धावणाऱ्याचे बळ एकीकडे, पकडणाऱ्याचे बळ दुसरीकडे. अंक मोठा असला म्हणजे फासा अनुकूल पडण्याचा संभव वाढतो. खात्री मात्र कधीच मिळत नाही. म्हणून एका सामन्यावरून आपला गडी चांगला की वाईट हे ठरवू नये. दहा-वीस सामन्यांची नोंद पाहिली म्हणजे फाशाचा खोडसाळपणा गळून पडतो व मागे घडण उरते.

खऱ्या मैदानावरची उदाहरणे घेतली म्हणजे ही घडण चांगली समजते. प्रथम रनिंग बॅक घेऊ. या जागी दोन अगदी भिन्न घडणींचे पुरुष नावाजले गेले. जेरोम बेटिस हा सुमारे २५० पौंड वजनाचा गडी. लोक त्याला ‘बस’ म्हणत. तो फारसा वळत नसे. समोरचा आडवा आला की त्याला घेऊनच तो पुढे दोन-तीन यार्ड सरके. १९९३ ते २००५ या तेरा हंगामांत त्याने १३,६६२ यार्ड मजल मारली. दुसरा बॅरी सँडर्स, उंची अवघी ५ फूट ८ इंच. त्याच्या अंगी एवढी चपळाई होती की, पकडणाऱ्याच्या हाती नुसती हवा यावी. १९८९ ते १९९८ या दहा हंगामांत तो १५,२६९ यार्ड धावला, आणि त्यांतील २,०५३ यार्ड एकट्या १९९७ च्या हंगामातले. पण सँडर्सच्या खेळाला एक किंमतही होती. मोठी वाट शोधण्यासाठी तो मागे-पुढे वळे, आणि तसे करताना पुष्कळदा होता त्या जागेच्याही मागे पकडला जाई. बेटिस क्वचितच चाळीस यार्ड एकदम काढी, पण एक यार्ड हवा असला तर तो बहुधा मिळवून देई.

आता दामांच्या दृष्टीने पाहा. बेटिससारखा गडी घडवावयाचा तर बळ आणि चेंडू सांभाळण्याची हातोटी यांवर खर्च करावा. सँडर्ससारखा हवा असेल तर चपळाई व दृष्टी यांवर. येथे दृष्टी म्हणजे गर्दीतली फट वेळेवर दिसणे. दोन्ही एकाच गड्यात आणण्याचा मोह प्रत्येकाला होतो. त्यातून जो निपजतो, त्याला धड कोणाला रेटता येत नाही व धड कोणाला चुकवताही येत नाही. मग या दोहोंतला कोणता घ्यावा? याचे उत्तर त्या गड्यापाशी नसतेच. संघाचा चालक त्याला मध्यभागातून घुसविणार की कडेने धाडणार, यावर ते अवलंबून आहे. म्हणून पहिला दाम खर्चण्यापूर्वी चालकास विचारून घ्यावे, असे मी म्हणेन. घर बांधल्यावर गवंड्याने जागा कोणती म्हणून विचारावे, तसे पुष्कळ लोक गडी पुरा घडवून झाल्यावर संघ शोधू लागतात.

एक गुण सगळे विसरतात तो म्हणजे चेंडू सांभाळणे. धावताना धक्का लागून चेंडू हातातून निसटला आणि प्रतिपक्षाने उचलला, तर चार प्रयत्नांपैकी उरलेले सारे एकदम बुडतात. नऊ वेळा आठ यार्ड काढून दहाव्या वेळी चेंडू देऊन येणारा धावपटू कागदावर मोठा दिसतो, पण संघाला तो परवडत नाही.

वाइड रिसीव्हरच्या बाबतीत वेगाचा मोह सर्वांत मोठा. अमेरिकेतल्या व्यावसायिक संघांनाही तो आवरत नाही. तेथे दरवर्षी नव्या खेळाडूंची परीक्षा घेतात व तीत ४० यार्डांची दौड घड्याळ लावून मोजतात. २०१७ साली जॉन रॉस याने ती ४.२२ सेकंदांत पुरी करून तेव्हाचा उच्चांक केला. २०२४ साली झेव्हियर वर्दी याने तो ४.२१ वर आणला. रॉसला त्या वर्षीच्या निवडीत नववे स्थान मिळाले. परंतु दुखापतींनी त्याचा पिच्छा पुरवला, आणि एकाही हंगामात त्याला हजार यार्ड गाठता आले नाहीत. याच्या शेजारी जेरी राइसचे नाव ठेवावे. तो घड्याळावर काही विलक्षण वेगवान नव्हता. त्याचे वडील गवंडी. त्यांच्या हाताखाली काम करताना भाऊ खालून विटा फेकी आणि हा त्या झेली, असे त्याने स्वतः सांगितले आहे. १९८५ साली तो सोळावा निवडला गेला, वीस हंगाम खेळला, आणि झेलांच्या जोरावर त्याने जे २२,८९५ यार्ड जमविले, त्यांच्या आसपासही अजून कोणी पोहोचलेला नाही. कोठे वळावे, किती पावलांवर वळावे आणि चेंडू आला की हात कसे मऊ ठेवावे, यात त्याचे सामर्थ्य होते. लुटुपुटूच्या खेळात रिसीव्हर घडविताना वेग एका मर्यादेपर्यंत न्यावा व नंतर झेल आणि चपळाई यांकडे वळावे हे शहाणपणाचे, कारण तेथून पुढे वेगाचा एकेक अंक सोन्याच्या भावाने मिळतो.

क्वार्टरबॅकविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. फेक आणि दृष्टी हे त्याचे दोन डोळे. त्यांत थोडा दम व आत्मविश्वास घातला की पुरे. त्याला धावता आलेच पाहिजे असे नाही. टॉम ब्रेडीने ४० यार्डांना ५.२८ सेकंद घेतले होते, म्हणजे चांगला शाळकरी मुलगाही त्याच्या बरोबरीने पळू शकला असता. २००० सालच्या निवडीत तो १९९ वा आला. पुढे २०२३ साली निवृत्त होईपर्यंत त्याच्या संघांनी सात वेळा अजिंक्यपद मिळविले होते. अंगचे सारे दाम त्याने जणू दोनच गुणांवर लावले होते.

परंतु ब्रेडीला फेक आणि दृष्टी दाखविण्यास जे दोन-तीन सेकंद मिळत, ते कोण मिळवून देत असे? आता त्या पुढच्या पाच जणांकडे येऊ.

जेथे माणसे स्वेच्छेने गडी घडवितात, तेथे अडवणूक करणारा गडी घडविण्याची हौस फार थोड्यांना असते. यात आश्चर्य नाही. सकाळी नोंद उघडली तर धावपटूच्या नावापुढे यार्ड असतात, रिसीव्हरच्या नावापुढे झेल असतात. गार्डच्या नावापुढे पुष्कळदा काहीच नसते. त्याने साठ वेळा समोरच्याला थोपवून धरले याची बातमी होत नाही. एकदा तो कमी पडला तर मात्र त्याचे नाव झळकते. म्हणून एखाद्या नव्या संघात पाहावे, तर चार सुंदर धावपटू, सहा वेगवान रिसीव्हर, आणि रांगेत उभे राहावयास कोणी नाही, अशी अवस्था दिसते. मग कोणाला तरी गळ घालून, अर्धवट घडलेले गडी तेथे उभे करतात.

याचा परिणाम काय होतो तो गणितानेच पाहावा. समजा, एका प्रयत्नात रांगेतला प्रत्येक गडी शंभरांपैकी ९० वेळा आपला माणूस अडवून धरतो. हे प्रमाण ऐकावयास उत्तम वाटते. परंतु क्वार्टरबॅकला निर्धास्तपणे चेंडू फेकता यावा म्हणून पाचही जणांनी एकाच वेळी टिकले पाहिजे. तेव्हा ०.९ ला स्वतःनेच पाच वेळा गुणावे लागेल. आणि उत्तर येते सुमारे ०.५९. म्हणजे शंभरांत ४१ वेळा कोणीतरी एक जण आत घुसलाच! प्रत्येकाचे प्रमाण ९५ वर नेले, तर पाचही जण टिकण्याचा संभव ७७ वर जातो. आणि चौघे ९५ चे असून पाचवा ६० चा असला, तर तो एकदम ४९ वर येतो. एका कच्च्या गड्याने चार पक्क्यांची मेहनत कशी धुळीस मिळविली ते पाहा. धावपटूची किंवा रिसीव्हरची उणीव त्याच्यापुरती असते. चालक त्याच्याकडे चेंडूच धाडीत नाही. रांगेतली उणीव झाकता येत नाही. प्रतिपक्ष नेमका तेथेच घुसतो.

१९८५ सालच्या नोव्हेंबरच्या १८ तारखेला वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइझमन चेंडू फेकण्याच्या तयारीत होता. उजव्या हाताने फेकणारा माणूस फेकताना उजवीकडे अंग वळवितो, त्यामुळे त्याची डावी बाजू त्याला दिसत नाही. न्यूयॉर्कच्या संघाचा लॉरेन्स टेलर नेमका त्या बाजूने आला. थाइझमनचा पाय मोडला, आणि तो पुन्हा कधीही सामना खेळला नाही. लक्षावधी लोकांनी हे दूरचित्रवाणीवर पाहिले. टेलरच्या काळापासून ती न दिसणारी बाजू राखणारा डावा टॅकल हा संघातील अत्यंत महत्त्वाचा गडी मानला जाऊ लागला, आणि पुढे त्याचे वेतनही त्या मानाने वाढले. लुटुपुटूच्या खेळात पाय मोडल्याची वेदना नाही. पण डावा टॅकल कच्चा असला की क्वार्टरबॅकच्या फेकीवर खर्चलेले दाम वाया जातात, हा अनुभव तेथेही येतो.

संगणकावर या खेळाची जी एक नावाजलेली प्रतिकृती झाली, तिच्या जन्मकथेतही हीच रांग आडवी आली होती. जॉन मॅडन हा ओकलंडच्या संघाचा १९६९ ते १९७८ पर्यंतचा गाजलेला प्रशिक्षक. त्याच्या नावाचा खेळ काढावयाचे ठरले, तेव्हाच्या संगणकांची ताकद फारच तोकडी होती. करणाऱ्यांनी सुचविले की, प्रत्येक बाजूस सहा-सात गडीच ठेवू. मॅडनने साफ नकार दिला. अकरा गडी नसतील तर तो फुटबॉलच नव्हे, असे त्याचे म्हणणे. त्यामुळे खेळ पुरा व्हावयास वर्षे लागली, आणि अखेर १९८८ साली तो अकरा-अकरा गड्यांनिशी बाहेर पडला. सहा-सातच ठेवले असते तर कोणाला गाळले असते हे सांगावयास नकोच. मॅडन स्वतः टॅकल होता. १९५८ साली फिलाडेल्फियाच्या संघाने त्याला निवडले होते. पण गुडघा दुखावल्यामुळे एकही व्यावसायिक सामना त्याला खेळता आला नाही.

मग रांगेतला गडी कसा घडवावा? अडवणूक आणि बळ हे दोन गुण प्रथम. ते जवळजवळ जोडीने वाढवावेत, कारण नुसत्या बळाने समोरचा हलतो खरा, पण तंत्र नसले तर बाजूने निसटतो. टॅकलला कडेने वळसा घालून येणाऱ्या चपळ गड्यांशी गाठ असते, म्हणून त्याला चपळाई थोडी अधिक द्यावी; गार्डला समोरासमोर झुंजायचे असते, त्याला बळ अधिक. वेग, झेल, उडी यांवर एक दामही घालू नये. येथे एक गंमत अशी की, या जागेला गुण थोडेच लागत असल्यामुळे तेवढ्याच दामांत गार्ड धावपटूपेक्षा किती तरी लवकर उपयोगी पडू लागतो. ज्या नवशिक्याला आपला गडी दुसऱ्याच महिन्यात मैदानावर पाहावयाचा असेल, त्याने रांगेत जागा मागावी. कोणीही नाही म्हणणार नाही!

काही लहानसहान गोष्टी सांगावयाच्या राहिल्या. उंची आणि वजन बहुधा जन्माच्या वेळीच ठरवावे लागते व मागाहून बदलता येत नाही. तेव्हा जागा आधी ठरवावी. दम हा गुण दुर्लक्षित राहतो. शेवटच्या पाव भागात दमलेला गडी आपल्या अंकांच्या मानाने खेळत नाही, मग ते अंक कितीही मोठे असोत. असल्या काही खेळांत दाम पैशांनी विकत मिळतात. तेथे हिशेब संपतो आणि खिसा सुरू होतो, म्हणून मला ते मुळीच आवडत नाही. आणि घरच्यांना विचारल्यावाचून त्या वाटेस जाऊच नये.

सामन्यानंतरची नोंद वाचणे हीही एक विद्या आहे. समजा, सकाळी पहिली ओळ अशी दिसली: दुसरा डाउन, ८ यार्ड बाकी, धाव मध्यभागातून, २ यार्ड मागे पाडला. धावपटूचा मालक चटकन म्हणतो की, वेग कमी पडला, पुढचे दाम वेगावर. पण पाडणारा कोण होता ते त्याने आधी पाहावे. तो बचावाच्या पुढच्या रांगेतला असेल, तर धावपटूला धावावयास सापडलेच नाही, गार्ड हरला. तोच गडी आठ यार्ड पुढे जाऊन बचावाच्या अगदी मागल्या माणसाकडून पाडला गेला असेल, तर रांगेने आपले काम चोख केले होते, आणि त्या शेवटच्या एका माणसाला चुकविण्याइतकी चपळाई धावपटूपाशी नव्हती. अशा दहा सामन्यांतल्या ओळी वहीत दोन रकान्यांत मांडाव्यात: एकात पुढच्यांनी पाडले ते, दुसऱ्यात मागच्यांनी. पहिला रकाना लांबला, तर धावपटूवर आता एकही दाम न घालता गार्डचे बळ वाढले पाहिजे. तो गार्ड मात्र दुसऱ्याच गावच्या कोणा मुलाचा असतो. तेव्हा वहीतले ते दोन रकाने उतरवून त्याला धाडावे लागतात, आणि त्याचे उत्तर येण्याची वाट पाहावी लागते.